साडभाऊंची विकलेली गाडी

चंद्रपूर जिल्ह्यात असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, ज्याला आमच्या साडभाऊंनी आपली गाडी विकल्याची हकीकत सांगितलेली नाही. वरोऱ्याच्या तिकीट खिडकीतल्या बाबूला ती पाठ आहे. त्यांच्या न्हाव्याला तर इतकी पाठ आहे की साडभाऊ एखादा तपशील विसरले, तर तो वस्तरा थांबवून आठवण करून देतो. दाताच्या डॉक्टरने तोंडात कापूस कोंबला, तेव्हा उरलेली अर्धी गोष्ट त्यांनी हातवारे करून पूर्ण केली. एकदा चुकून फोन लागलेल्या कुण्या अनोळखी बाईला त्यांनी ती वीस मिनिटं ऐकवली आणि शेवटी ती बाईच, "जाऊ द्या भाऊ, नशिबात नव्हती म्हणा," अशी समजूत घालत होती.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. घुग्घुसजवळच्या कोळसा खाणीत फोरमन होते, आता रिटायर होऊन तिथंच घर बांधून राहतात. मी वरोऱ्याच्या शाळेत मास्तर, म्हणून नात्याने धाकटा असूनही ते मला 'सर' म्हणतात. गेल्या पंचवीस वर्षांत ही गाडीची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन याचा हिशोब नाही, पण प्रत्येक वेळी तिची सुरुवात एकच असायची : "सर, तुमाले कधी सांगितलं का नाई मी?" आणि "सांगितलं" म्हटलं तरी उपयोग नसे.

तर ती गाडी. दोन सीटांची, विलायती, बिनटपाची, लाल रंगाची. खाणीचे कुणी जुने मॅनेजर देश सोडून जाताना ती मागे टाकून गेले होते. कित्येक वर्षं ती वर्कशॉपच्या मागे गवतात पडून होती. साडभाऊंनी ती भंगाराच्या भावात घेतली आणि दोन वर्षं सुट्टीचा एकेक दिवस खर्चून चालती केली. बसायला जमिनीपासून इतकी खाली, की रस्त्यात उभी केली तर शेळ्या वरून आत डोकावत. घुग्घुसच्या धुळीत सकाळी लाल निघालेली ही गाडी संध्याकाळी काळी होऊन परत येई. पण साडभाऊ गळ्यात मफलर, डोळ्यांवर गॉगल अशा थाटात ती चालवायचे आणि शिफ्ट सुटून घरी निघालेले कामगार मोटारसायकली थांबवून बघत राहायचे. चार वर्षं हे सुख चाललं. मग धाकटीच्या वेळी ताईंना दिवस गेले आणि गाडी विकली गेली. नागपूरचा कुणी माणूस घेऊन गेला. "दोन सीटाची गाडी, घरात चार मानसं. बायको म्हणे इका. काय करता सर, इकली!" असं म्हणून साडभाऊ ताईंकडे बघत. ताई स्वयंपाकघरातून भांडं जोरात आपटत. इथे गोष्ट संपे आणि चहा येई.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला तक्रार करतो! पण त्या एका विक्रीमुळे साडभाऊंनी विकणं या क्रियेशीच उभा दावा मांडला. त्यांच्या घरातून गेल्या तीस वर्षांत रद्दीसुद्धा बाहेर गेलेली नाही. बंद पडलेले दोन मिक्सर, तीन पंखे आणि एका पायाने अधू झालेली शिलाई मशीन अशी मंडळी पाहुण्यांच्या खोलीत राहतात आणि पाहुणे ओसरीवर झोपतात. हे त्यांच्या घरापुरतं असतं तरी चाललं असतं. मी माझी जुनी स्कूटर विकायला काढली, हे बायकोने फोनवर बहिणीला सांगितलं मात्र, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने साडभाऊ वरोऱ्याला हजर! आले ते स्कूटरवर जाऊन बसले. गिऱ्हाईक आलं, तेव्हा ते स्कूटरवर बसूनच पोहे खात होते. "भाऊ, तुमी घेऊन जान," ते त्या बिचाऱ्याला म्हणाले, "पन हे सर रडतीन. मले मालूम हाय. मी रडून राह्यलो ना तीस सालापासून." गिऱ्हाईक चपला घालून निघून गेलं. ती स्कूटर अजून माझ्या दारात आहे. किक मारली तर फक्त तिच्यातली पाल बाहेर येते.

विकल्यासारखंच त्यांचं न घेतल्याचंही एक दुःख होतं. बल्लारपुरात एका कंत्राटदाराच्या गोदामात म्हणे लांब नाकाची, काळी, दोन दारांची एक गाडी होती. कंत्राटदार द्यायला तयार होता आणि साडभाऊंनी विचार करायला आठवडा मागितला. आठवड्याने गेले तर गोदामात नुसती तेलाने डागाळलेली जागा. तेव्हापासून त्यांनी विचार करणंच सोडून दिलं. बाजारात वांगी पाहिली की घेतली. दारावर आलेल्या माणसाकडून त्यांनी एकाच सकाळी दोन प्रेशर कुकर घेतले. "एक गेला हातचा तं?" हे त्याचं कारण. माझ्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत तर कहरच झाला. मुलाच्या वडिलांनी सहज म्हटलं, की परवाच आपण आपली जुनी जीप विकली. झालं! साडभाऊंनी उठून त्यांचा हात हातात घेतला. दोघांचेही डोळे भरून आले. आतल्या खोलीतून माझी बायको घाबरून विचारायला आली, "काय झालं? कोणी गेलं का?"

मी मनात अनेकदा हात जोडले, की देवा, ती गाडी यांना एकदा भेटव आणि आम्हाला सोडव.

देवाने ऐकलं. यंदा फेब्रुवारीत साडभाऊंचा फोन आला. मी नववीच्या वर्गावर होतो. ओळखीच्या एका मेकॅनिकने त्यांना मोबाइलवर फोटो पाठवला होता : आरमोरीच्या एका भाताच्या गिरणीत, टिनाच्या शेडखाली, तशीच एक गाडी. "सर, रजा टाका. उद्याच जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. साडभाऊंची पांढरी छोटी कार, पुढे ते आणि मी, मागे ताई. ताईंना कोणी बोलावलं नव्हतं. "मले पाहू द्या ना माह्या सवतीले," म्हणून त्या स्वतःच येऊन बसल्या. चंद्रपूर सोडून मूल गावाकडच्या जंगलात शिरल्यापासून साडभाऊंनी एकदाही चाळिसाच्या वर वेग नेला नाही. मागून ट्रक हॉर्न मारून पुढे जात होते. मी चिडून म्हटलं, "भाऊ, या वेगाने पोचेपर्यंत ती गाडी गंजून जाईल." ते हसलेसुद्धा नाहीत. खरं तर ते सगळ्या वाटेत गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. हे इतकं विपरीत होतं, की मला त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली.

गिरणीचे मालक मोकळ्या स्वभावाचे गृहस्थ निघाले. त्यांच्या वडिलांनी ती गाडी कुठल्याशा व्यवहारात घेतली होती आणि वडील गेल्यावर कोणी तिला हात लावला नव्हता. कोंड्याच्या ढिगाला वळसा घालून आम्ही शेडमध्ये गेलो. मालकांनी ताडपत्री ओढली. चाकं नव्हती, गाडी विटांवर ठेवलेली. सीटांवर रिकामी पोती. सगळ्यावर भुशाचा पिवळट थर. साडभाऊंनी बोटाने एक रेघ ओढली. खाली लाल रंग होता.

मला वाटलं, आता हा माणूस मोठ्याने रडणार. पण ते डाव्या बाजूला गेले, उकिडवे बसले आणि दरवाज्याच्या आत, कडीच्या जागी हात घालून चाचपडू लागले. तिथे वेल्डिंगचा एक ओबडधोबड, जाडजूड डाग होता. त्यावर बोट ठेवून ते तसेच बसून राहिले.

"हेच हाय," ते म्हणाले. "हा टाका माह्या हातचा हाय."

"तं घेऊन जा ना भाऊ," मालक म्हणाले. "माही जागा अडवून राह्यली हे. तुमाले जे वाटते ते द्या."

साडभाऊ त्या टाक्यावरचा भुसा अंगठ्याने पुसत राहिले. तेव्हा ताईंचा संयम सुटला. "आता काऊन गप हा? घेऊन टाका! तीस सालं माह्या नावानं बोंबलले. बायकोनं इकाले लावली म्हून जगाले सांगितलं. कधी म्हटलं होतं मी इका म्हून? एकडाव तरी?"

"नाई म्हटलं तू," साडभाऊ म्हणाले.

मी आणि मालक दोघेही एकदम कोंड्याच्या ढिगाकडे बघू लागलो.

साडभाऊ उठले नाहीत. दरवाज्याकडे बघतच त्यांनी सांगितलं. मोठी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. एका रविवारी तिला शेजारच्या सीटवर बसवून ते भद्रावतीकडे फिरायला निघाले होते. रस्ता मोकळा होता, त्यांनी गाडी सोडली. एका वळणावर कडी निसटली, डावा दरवाजा उघडला आणि पोरगी बाहेर गेली. त्यांचा डावा हात कसा पुढे गेला ते त्यांनाही ठाऊक नाही. हातात फ्रॉकची बाही आली. ती धरून त्यांनी तिला आत ओढलं आणि गाडी बाजूच्या शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाटीत घुसली. पोरीला खरचटलंसुद्धा नाही. तिला वाटलं बाबा खेळतात. ती हसत होती. "आनखी एकडाव करा म्हणे," साडभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडी वेल्डिंग करून दरवाजा कायमचा बंद केला. पण त्यानंतर गाडीत बसलं की लक्ष रस्त्याऐवजी त्या दरवाज्याकडेच जायचं. पंधरा दिवसांत गाडी विकली. तेव्हा ताईंना सातवा महिना होता. त्यांना सांगायचा धीर झाला नाही. नंतर, आज सांगू, उद्या सांगू करता करता लोकांना सांगण्यापुरतं एक कारण तयार झालं आणि तेच राहिलं.

ताई जवळ आल्या. मला वाटलं, आता तीस वर्षांची भांडी एकदम आपटणार.

"कोनता फ्रॉक?" त्यांनी विचारलं.

"पिवळा."

"त्याची बाही उसवली होती," ताई म्हणाल्या. "मी इचारलं तं तुमी म्हटलं झुल्यात अडकली. मी शिवली ना ते." मग, "मले काऊन नाई सांगितलं हो?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि तेही आवाज न चढवता.

साडभाऊंनी गाडी घेतली नाही. मालकांना म्हणाले, "कोनी हौशी आला तं देऊन टाका. फक्त त्याले सांगजा, दरवाजा नवा लाव म्हणा." आम्ही परत फिरलो. परतीच्या वाटेत मी मागे बसलो आणि ताईंना पुढची जागा दिली. मूलला चहा प्यायलो. चहा चांगला होता यावर तिघांचं एकमत झालं.

त्यानंतर साडभाऊंनी ती गोष्ट सांगणं बंद केलं आहे. मध्ये एका लग्नात कोणीतरी त्यांना मुद्दाम छेडलं, "भाऊ, ती लाल गाडी?" तर म्हणाले, "होती एक," आणि जिलेबी वाढायला उठून गेले. इतकी वर्षं ज्या गोष्टीला मी कंटाळलो होतो, तिच्या जागी पडलेली ही शांतता मला सोसत नाही. दोन-तीनदा तर मीच विषय काढून पाहिला. ते नुसते हसतात.

उन्हाळ्यात त्यांची मोठी मुलगी माहेरी आली होती. चौतिशीची आहे, दोन मुलांची आई, पुण्यात नोकरी करते. निघताना टॅक्सी दारात उभी राहिली, ती आत बसली आणि तिने दार ओढून घेतलं. साडभाऊंनी बाहेरून ते एकदा दाबून पाहिलं. मग पुन्हा एकदा. "बाबा, लागलंय ना!" ती हसत म्हणाली. तिला यातलं काहीच माहीत नाही. साडभाऊ बाजूला झाले. ताई इतका वेळ फाटकापाशी उभ्या होत्या. टॅक्सी सुरू झाली, तेव्हा त्या चार पावलं पुढे आल्या, ड्रायव्हरला हाताने थांबवलं, आणि त्याच दाराला तळहात लावून आपणही एकदा जोर देऊन पाहिलं.