पिवळी लेबलं लावणारी अक्का

हैदराबादेत तारनाका भागातल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये मी अकरा वर्षांपासून नोकरी करते. आधी बिलिंग काउंटरवर होते, मग किराणा आणि डेअरी विभागाची सुपरवायझर झाले. इतकी वर्षं दुकानाच्या आत काढली की काही गोष्टी न शिकवता कळायला लागतात. दूध नेहमी सगळ्यात मागच्या भिंतीला का असतं, डोळ्यांच्या रेषेत कुठला माल मांडतात आणि गुडघ्याशी कुठला, हे मला कुणी बसवून सांगितलं नाही. रोज बघून बघून समजलं.

आमच्या अपार्टमेंटमध्ये चार-पाच मराठी घरं आहेत. आम्ही सोडून बाकीची पुण्या-मुंबईहून आलेली, नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांत. आमचं घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवाडी करणारं, पण माझा जन्म, शाळा, लग्न, सगळं हैदराबादेतलंच. माझ्या बोलण्यात 'हौ' येतं, 'परेशान' येतं, 'नक्को' तर येतंच येतं. त्या बायका हसायच्या. वाईट हेतूने नाही. 'ताई, तुमचं मराठी किती गोड आहे हो,' म्हणायच्या आणि मग अर्धा तास आपसात ज्या विषयांवर बोलायच्या त्यात मला शिरता यायचं नाही, त्यांच्यासारखे शब्दच सुचायचे नाहीत. मी चहाचे कप गोळा करत राहायचे.

एका संक्रांतीला हळदीकुंकू माझ्याकडे होतं. वाण म्हणून मी काचेच्या झाकणाच्या बरण्या दिल्या होत्या, चांगल्या जाड काचेच्या. खालच्या मजल्यावर राहणारी पुण्याची एक मुलगी, लग्नाला दोनेक वर्षं झालेली, बरणी हातात फिरवत म्हणाली, "ताई, एवढ्या महागाच्या कशाला आणल्या?"

"महागाच्या कुठल्या!" मी म्हटलं. "दिवाळीच्या गिफ्टच्या खोक्यातल्या आहेत. दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले की तो सगळा माल अर्ध्या किमतीत काढतात. खोकं तेवढं दिवाळीचं असतं, आतल्या बरणीला कुठला आलाय सण?"

सगळ्या एकदम माझ्याकडे वळल्या. त्या बायका इथे राहायला आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं होतं.

मग मी सांगतच सुटले. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असं नाही. लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात शंभर ग्रॅमचा भाव लिहिलेला असतो, तो वाचा. फळं कापून डब्यात भरलेली घेऊ नका, ती बहुतेक कालची असतात. दही घेताना हात मागे घाला, ताजा माल मागे असतो. आठवड्याची ऑफर संपली की कधीकधी शेल्फवरचं जुनं लेबल काढायचं राहून जातं आणि कॉम्प्युटरवर भाव वाढलेला असतो. अशा वेळी लेबलचा फोटो काढून काउंटरवर दाखवा, आमच्याकडे लेबलाच्याच भावाने देतात. तूरडाळ वाकून घ्या, खालच्या फळीवरची. डोळ्यांसमोरच्या जागेसाठी कंपन्या दुकानाला पैसे देतात, खालच्या फळीसाठी कुणी देत नाही.

"ताई, तुम्ही तर खजिना आहात," ती खालची मुलगी म्हणाली.

त्या दिवसापासून माझी तिथली जागा बदलली. लिफ्टमध्ये भेटलं की विचारणा व्हायची, "ताई, तेल आत्ता घेऊ की थांबू?" ज्यांच्या बोलण्यात मला जागा नव्हती त्या आता माझ्यासाठी खुर्ची सरकवायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं. सांगण्यासारखं संपत आलं तसं मी आठवून आठवून नवीन काहीतरी शोधायला लागले.

आता अक्काबद्दल सांगायला हवं.

अक्का आमच्या दुकानात माझ्याही आधीपासून होती. वरंगलकडची, पन्नाशी उलटलेली, ठेंगणी. रोज संध्याकाळी सहाला ती लेबलचं मशीन घेऊन डेअरीच्या फ्रीजपाशी यायची आणि ज्या मालाची तारीख दुसऱ्या दिवशी संपणार असेल त्यावर कमी भावाचं पिवळं लेबल लावायची. ब्रेड, पनीर, दही, कधी इडलीचं पीठ. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात एक गिऱ्हाईक सुट्ट्या पैशांवरून माझ्यावर इतकं ओरडलं की मी मागच्या खोलीत जाऊन रडले होते. तेव्हा अक्काच चहा घेऊन आली होती. "रोना नक्को अम्मा," म्हणाली. "उनो घर का गुस्सा इधर लाको निकालते." लहान वाटणाऱ्या सगळ्यांना ती अम्मा म्हणायची.

दुकानाचा नियम असा की लेबल लावलेला माल लगेच शेल्फवर ठेवायचा, कुणासाठी बाजूला काढायचा नाही. अक्का काढायची. युनिव्हर्सिटीच्या बाजूला खोली करून राहणाऱ्या दोन-तीन मुली होत्या, एक रेल्वेतून निवृत्त झालेले एकटे गृहस्थ होते, त्यांच्यासाठी ती ब्रेडचा एक पुडा, पनीरचं एक पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात मागे सारून ठेवायची. पैसे ते पूर्ण द्यायचे, लेबलवरचे. अक्काला त्यात काहीच मिळत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी बघून न बघितल्यासारखं करत होते. अक्कालाही ठाऊक होतं की मला माहीत आहे.

ही गोष्ट माझी नव्हती. तरी एका रविवारी, गच्चीवर पापड वाळत घालताना, मी ती सांगितली.

सहाला पिवळी लेबलं लागतात, हे मी बायकांना आधीच सांगितलं होतं. खालची मुलगी म्हणत होती, "ताई, मी सहाला गेले होते तुम्ही सांगितल्याप्रमाणे, पण पनीर संपलेलं असतं हो."

'मग उद्या बघ' एवढं म्हणून मी गप्प बसू शकले असते. पण बाकीच्याही दोघी ऐकत होत्या. मी म्हटलं, "तिथे लेबलं लावणारी एक वयस्कर बाई असते. तिला माझं नाव सांगा. ती बाजूला ठेवते, काढून देईल."

पुढच्या आठवड्यात अक्का मला म्हणाली, "अम्मा, तुमारे लोगां आए थे. मैं दी." तिला वाटलं ती माझ्या ओळखीची, खरंच गरजू माणसं असतील. मी फक्त "हौ" म्हटलं.

त्या मुलीने ही युक्ती तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती हैदराबादेतल्या मराठी बायकांच्या कुठल्याशा मोठ्या ग्रुपवर गेली. लिहून नव्हे, बोलून, एक लांबलचक व्हॉइस मेसेज. महिनाभरात डेअरीपाशी सहाला गर्दी व्हायला लागली. अक्का गोंधळून गेली. मग एका संध्याकाळी एक बाई तिच्याशी भांडली, "सगळ्यांना देता आणि आम्हालाच नाही कसं?" आणि तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. तिच्या फोनमध्ये तो मेसेज होता. तिने तो मॅनेजरच्या फोनवर पाठवला, यातच सगळं आहे म्हणाली आणि निघून गेली.

आमचा मॅनेजर तेलुगू. त्याला मराठी येत नव्हतं. दुकानात मराठी येणारी मी एकटीच, म्हणून त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. अक्काला बाहेर उभं केलं होतं.

"ये मराठी है ना? सुनो, और मुझे बताओ क्या बोल रही है," तो म्हणाला आणि त्याने मेसेज लावला.

खालच्या मुलीचा आवाज होता. हसरा, उत्साहाचा. "अगं ऐका, आमच्या बिल्डिंगमधल्या ताई तिथेच कामाला आहेत, त्यांनीच आतली गोष्ट सांगितलीये. डेअरीपाशी लेबलं लावणारी एक बाई असते, तिला ताईंचं नाव सांगायचं. ती आधीच बाजूला काढून ठेवते..." आणि त्यात माझं नाव होतं, आडनावासकट.

मेसेज मराठीत वेगाने बोललेला, फोनचा आवाजही फाटका. मॅनेजरच्या कानाला माझं नाव त्यात वेगळं ऐकू आलं नाही. तो सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. त्या महिन्यात फ्लोअर मॅनेजरच्या जागेसाठी माझं नाव वर गेलेलं होतं. हे कारण मी आता सांगते आहे. तेव्हा त्याचा विचार केला की नाही, मला खरंच आठवत नाही.

मी हिंदीत म्हटलं, "सर, ती म्हणतेय की डेअरीपाशी लेबलं लावणारी बाई माल बाजूला ठेवते आणि मागितला की काढून देते."

"बस? इतना ही? मेसेज तो लंबा था."

"बाकीचं घरगुती बोलणं आहे, सर."

त्याने मान हलवली. खोटं मी एकही वाक्य बोलले नव्हते. जे बोलले ते सगळं मेसेजमध्ये होतं. कित्येक दिवस मी स्वतःला हेच सांगत राहिले.

अक्काला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. तिने वाद घातला नाही. मशीन पुसून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "उस में मेरा नाम था क्या, अम्मा?"

"नाव नव्हतं," मी तिच्याच बोलीत म्हटलं. "लेबल लावणारी बाई, एवढंच."

"और किसका नाम?"

"कुणाचंच नाही, अक्का."

ती पिशवी घेऊन मागच्या दाराने गेली.

दोन महिन्यांनी मला बढती मिळाली. अपार्टमेंटमधल्या बायकांनी केक आणला. खालच्या मुलीला मी काही बोलले नाही; तिला अक्काचं काय झालं हेही माहीत नव्हतं. लेबलं लावायला एक नवी मुलगी आली. तिने नियम सोडला नाही. ते रेल्वेतले गृहस्थ काही दिवस सहाला येऊन फ्रीजपाशी उभे राहायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, "वो अम्मा किधर गए?" मी म्हटलं, नोकरी सोडली. पुढे त्यांचं येणं बंद झालं. त्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

वर्ष होऊन गेलं. अक्का सिकंदराबादला बायकांच्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये काम करते, असं आमच्या सफाईवाल्या बाईकडून कळलं. कळल्यावरही मी लगेच गेले नाही. तीन आठवडे काहीतरी निमित्त काढत राहिले. मग एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी, गेले.

ती कढईतला भात मोठ्या पातेल्यात काढत होती. मला बघून झारा खाली ठेवला, हात पुसले. बारीक झाली होती. "बैठो मॅडम," म्हणाली. अम्मा म्हणाली नाही.

मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. ती सगळी बाजूला राहिली. मी म्हटलं, "अक्का, त्या मेसेजमध्ये माझं नाव होतं. मीच सांगितलं होतं त्या बायकांना. आणि सरांना मी अर्धंच सांगितलं."

"मालूम है," ती म्हणाली.

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले, पण तिने हात वर केला आणि तिनेच सांगितलं. ज्या मुलींसाठी ती ब्रेड ठेवायची त्यांतली एक लातूरची होती. त्या मुलीकडेही तो मेसेज आला होता. अक्काला काढल्याचं कळल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी अक्काच्या घरी जाऊन तिला शब्दन् शब्द समजावून सांगितला होता.

"मग तू सरांना का नाही सांगितलंस?"

"मैं सोची, मॅडम खुद बोलते. आज बोलते, कल बोलते." ती झाऱ्याला चिकटलेलं शीत नखाने काढत होती. "एक महिना देखी. फिर ये काम मिल गया."

मी रडायला लागले. तिने मला या खेपेला रडू नको म्हटलं नाही. मी म्हटलं, मी उद्याच सरांना सगळं सांगते, तुला परत घ्यायला लावते. ती म्हणाली, "नक्को. वो दुकान अब मेरेकू नक्को. इधर बच्च्यां अच्छे हैं." आणि मग, जरा थांबून, "तुमकू बोलना है तो बोलो. मेरे वास्ते नक्को बोलो."

मुली जेवायला यायला लागल्या होत्या. तिने मला एका बाकावर बसवलं आणि न विचारता ताट पुढे ठेवलं. भात, पप्पू म्हणजे तिकडचं वरण, वांग्याची भाजी. टाकून उठायची हिंमत नव्हती. मी सगळं संपवलं. ती वाढता वाढता माझ्याजवळून तीन-चारदा गेली, भात हवा का विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरला सांगितलं. तोपर्यंत जुना मॅनेजर बदलून गेला होता, हा नवा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, जुनं प्रकरण आहे, फाइल बंद झालीय, म्हणाला आणि दिवाळीच्या मालाच्या यादीकडे वळला. मला कुणी काही केलं नाही. शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. काही होणार नाही याचा अंदाज होता म्हणूनच मी बोलू शकले असेन.

त्या संध्याकाळी खालच्या मुलीलाही सांगितलं. ती हादरली. मग माझा हात धरून म्हणाली, "पण ताई, तुम्ही काही मुद्दाम नाही केलंत." मी हात सोडवून घेतला. गच्चीवर बोलले ते मुद्दाम नव्हतं. केबिनमध्ये बोलले ते मुद्दाम होतं, आणि हे तिला समजावून सांगायला मला एरवीसारखे मराठीत शब्द शोधावे लागले नाहीत.