बिनक्लचची गाडी

आमच्या ताईनं उभं आयुष्य गिअरबॉक्स उघडण्यात घालवलं. तेही ऑटोमॅटिक, ज्यांचं नाव काढलं की भलेभले मेकॅनिक 'आज जरा गडबड आहे' म्हणून अंग काढून घेतात ते. गल्लीच्या टोकाला तिचं एका खोलीचं गॅरेज, त्याला लागून माझं स्पेअर पार्टचं काउंटर आणि मागच्या आवारात आम्हा दोघी बहिणींच्या मधल्या भावाचं, दादाचं, घर. ताई त्याला अजून बाळ्या म्हणते. बाळ्याला टक्कल पडून दहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी एका गाडीखाली काम करताना जॅक सरकला आणि ताईचा डावा गुडघा कामातून गेला. आता तो वाकत नाही, त्यामुळे क्लच दाबायचा प्रश्नच मिटला. पण वडिलांच्या जुन्या निळ्या गाडीला क्लचच नाही. डावा पाय पसरून बसायचं, बाकीचं उजवा पाय बघून घेतो. दुसरी तशी गाडी घेण्याची आमची ऐपत नाही. म्हणजे ही आहे तोवर ताई आपल्या मनानं कुठंही जाऊ शकते. ही गेली, की कुणी नेईल तेव्हा आणि नेईल तिथं. इतकी सरळ गोष्ट, पण घरात कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

ताई इस्पितळात असताना दादानं गाडीची किल्ली खिशात घातली, ती घातलीच. 'मी आहे ना न्यायला-आणायला' हे त्याचं पालुपद. काळजी करणाऱ्या माणसाशी धड भांडताही येत नाही, याचाच मला जास्त राग. सात महिने गाडी आवारात उभी राहिली आणि मग दादाच्या नव्याकोऱ्या फरशीवर गिअरबॉक्सच्या तेलाचं लाल थारोळं साचायला लागलं. दादाला निमित्तच हवं होतं.

"ताई, भंगारवाल्याला सांगितलंय. पंधरा दिवसांनी येतोय," तो म्हणाला. "झाली आता हौस."

ताईनं काठी टेकत येऊन थारोळ्यात बोट बुडवलं आणि नाकाशी धरलं. "जळका वास नाही. आतून ठणठणीत आहे. पंधरा दिवसांत गळती थांबली तर?"

"तर ठेव."

"ठेवायची नाही, चालवायची. किल्ली मला पाहिजे."

"आधी थांबव तर खरी. तोवर चालू करायची झाली तर मला हाक मार."

एकसष्ट वर्षांच्या बाईनं आपलीच गाडी चालू करायला धाकट्या भावाला हाक मारायची! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र "बरं" म्हणाली. तिचं असं 'बरं' ज्यांनी ऐकलंय, ते लांब उभे राहतात.

दुसऱ्या दिवशी मी जॅक लावला, गाडी पेलायला चारी बाजूंना लोखंडी घोड्या ठेवल्या, आणि ताई पाठीवर सरपटत आत गेली. दादा तेवढा वेळ घरात जाऊन बसला. थेंब पडतो तिथं गळती शोधायची नाही, हा ताईचा जुना नियम. तेल एका जागी सुटतं आणि ओघळत भलतीकडेच जाऊन पडतं. म्हणून तिनं गिअरबॉक्सचा खालचा भाग रॉकेलनं धुतला, कोरडा केला, त्यावर अंगाला लावायची पांढरी पावडर भुरभुरवली आणि जमिनीवर पुठ्ठा अंथरला. संध्याकाळी चेंबरच्या, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्याच्या, कडेनं पावडर गुलाबी झाली होती.

मग ताईनं जे केलं, त्यासाठी तिनं आजवर गिऱ्हाइकांना शिव्या घातल्यात. रागाच्या भरात तिनं चेंबरचे बोल्ट कचकचून आवळले. सकाळी सांध्यातलं गॅस्केट, म्हणजे बुचाची मऊ पट्टी, चेपून बाहेर आलेलं आणि गळती दुप्पट! "अक्कल गहाण ठेवली मी," ती गाडीखालूनच ओरडली. चेंबर काढून तिनं वाकलेली कड हातोडीनं सरळ केली, नवं गॅस्केट बसवलं आणि बोल्ट अगदी बेतानं, समोरासमोरचे धरून लावले.

पुढचे चार दिवस दादा सकाळी यायचा, तोंड पाडून गाडी चालू करायचा आणि पुठ्ठा बघायचा. पुठ्ठा कोरडा. मग तो कामासाठी तीन दिवस बाहेरगावी गेला. गाडी उभीच राहिली. चौथ्या दिवशी परतला तो थेट आवारात, आणि समोर लाल थारोळं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली मला. मी ती विसरणार नाही.

ताई पुठ्ठ्याकडे बघतच नव्हती. पुन्हा भुरभुरवलेल्या पावडरीतला एक बारीक लाल ओघळ तिनं टॉर्च धरून वर शोधत नेला. "गाडी रोज चालू होत होती तेव्हा कोरडी. उभी राहिली की इंजिनालगतच्या कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतं, चेंबर भरतं, आणि तेल या दांड्यापर्यंत चढतं. गिअर बदलायचा दांडा. याच्याभोवतीचं रबरी सील कडक होऊन बसलंय."

अंगठीएवढं ते सील. तासभर डबे उपसल्यावर त्या मापाचं एक माझ्या काउंटरखाली निघालं, ट्रॅक्टरच्या सामानात. मी जॅक उचलायला वाकले.

"तू नको," ताई म्हणाली. "बाळ्या, तू लाव."

दादा पांढराफटक पडला. त्या दिवशीचा जॅक त्यानंच लावला होता. घोड्या ठेवायच्या आधी तो फोनवर बोलत बाहेर गेला होता. हे तिघांनाही ठाऊक होतं आणि वर्षभरात कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"माझ्यानं नाही होणार."

"होईल. घोड्या ठेव आणि एकदा हलवून बघ. मग मी आत जाते."

त्यानं लावला. घोड्या एकदा नाही, पाच वेळा हलवून बघितल्या. ताई आत होती तेवढा वेळ तो जॅकचा दांडा धरून उकिडवा बसून होता, आणि मला पहिल्यांदाच त्याची कीव आली.

सील बसलं. ताईनं दादाला गाडी चालू करायला लावली, ती गरम झाल्यावर इंजिन चालू असतानाच तेलाची पातळी बघितली आणि फर्मान काढलं, "आता रविवारपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही. गळायचं तर खुशाल गळू दे."

पाच दिवस गाडी उभी. रविवारी भंगारवाला दारात आला तेव्हा दादा पुठ्ठ्यापाशी बसून कोपरान् कोपरा चाचपत होता.

"कोरडा आहे," तो म्हणाला आणि भंगारवाल्याला त्यानं हात जोडले.

मग खिशातून किल्ली काढली, पण पुढं केली नाही. "ताई, रस्त्यात काही झालं तर? माझ्यामुळे एकदा..."

"हो, तुझ्यामुळेच. गुडघा माझा गेला," ताई म्हणाली. "मी धरून बसले नाही. पण तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून मी घरात बसून राहू? नाही बसणार, बाळ्या. किल्ली दे."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. किल्ली दिली त्यानं.

मी चपला शोधत होते तेवढ्यात ताईनं गाडीत बसून दार ओढून घेतलं. "तू कुठं? काउंटर सांभाळ."

"कधी येशील?" दादानं विचारलं.

"माझ्या मनात येईल तेव्हा."

गाडी एकही हिसका न देता गल्लीबाहेर गेली. दादानं पुठ्ठा उचलला, घडी घातली आणि मला म्हणाला, "हा टाकून दे."