वेलावर आलेल्या बाई

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या भागात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे विरत जातो. नाणेघाटाकडची माणसं चार महिने पानांच्या इरल्याखाली काढतात. भात, नाचणी, वरई, दुसरं काही नाही. ओझरच्या खाली गेलं की बाजरीसुद्धा आभाळाकडे तोंड करून उभी. या दोहोंच्या मधे, कुकडीच्या काठाला, जी चिंचोळी पट्टी आहे तिथं द्राक्ष येतं. जमीन निचऱ्याची, विहिरीला पाणी आणि थंडीत कोरडी हवा. घोडेगावच्या बाजूला एकदोघांनी वेल लावून पाहिले. तिथली धुई दुपारपर्यंत उठत नाही, घड सडले. परदेशात या फळाची दारू करतात हे मी कॉलेजात वाचलं. आमच्याकडे ते खायचं फळ, जुन्नरच्या बागवानांच्या पाट्यांतून पुण्याला जायचं.

बी. ए. होऊन मी घरी आलो ते प्लेग ओसरल्यानंतरचे दिवस. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मीच पहिला. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कष्टानं मिळवलंय. माझ्या वडिलांनी, आबांनी, आश्विनात गोडी छाटणी केली होती. पावसाळ्यातलं द्राक्ष आंबट, थंडीत पिकतं ते गोड, म्हणून तिचं नाव गोडी. वर्षाची सगळी मदार याच बहारावर.

मार्गशीर्षात आभाळ आलं. पाऊस नाही, ऊनही नाही. घाट चढून आलेला ओला वारा पट्टीत नुसता तुंबून राहिला. पानांवर राख धरल्यासारखं पांढरं दिसू लागलं, मग कोवळ्या मण्यांवर.

"भुरी," मी म्हणालो.

"नाव घेऊ नगं," आबा म्हणाले. "बाई आल्यात."

माणसाला देवी येतात तशा वेलावर बाई येतात, असं आमच्या आळीतले सगळे माळी मानत. देवी आलेल्या घरात फोडणी द्यायची नाही, उग्र वास करायचा नाही, दहीभात ठेवायचा. तेच बागेला.

भुरीवर उतारा म्हणून मी आतषबाजीवाल्याकडून गंधकाची पूड आणली. फडक्यात बांधून पानांवर झटकायची, एवढंच काम. आबा वेलापुढं आडवे उभे राहिले.

"वास कसा हाय त्याचा?"

"उग्र आहे. पण आबा, हा रोग आहे, बुरशी..."

"तुझी भन देवीत व्हती तवा घरात मिरच्यांची फोडणी पडली. पोर गेली. ती बी बुरशी व्हती का?"

आई मागं दहीभाताचं पान घेऊन उभी होती. ती फोडणी तिनंच दिली होती. तेव्हापासून आबा तिच्याशी कामापुरतंच बोलत.

दरवर्षी आमचा बहार घेणारे बागवान चाचा आले. तडकू लागलेल्या मण्याला अंगठा लावून म्हणाले, "भाऊ, बाई म्हन, बीबी म्हन, असलं तडकलेलं द्राक्ष पुन्याचा साहेब खाईल का? टाकू दे की पोराला पूड."

"तुला काय ठावं बाईचं? तू मुसलमान."

"वा राव! देवी काय आमचं दार चुकून जाती? आमी बी फोडणी बंदच ठेवतो. पर वेलाला कुठं अंग हाय?"

चाचा जाताना म्हणाले, "औंदा पाट्या न्हाई आणत."

दुसऱ्या सकाळी आबांनी माझ्या हातातून पुरचुंडी घेतली. वेलाला हात जोडून म्हणाले, "बाई, पोरगं शिकलंय. वास तेवढा सोसा." दिवसभर त्यांनीच पूड झटकली.

तडकलेले मणी काही मिटले नाहीत. घड काळे पडून गळाले, बहार गेला. पण महिन्याभरात नवी फूट आली ती स्वच्छ हिरवी. मी मोठ्या ताठ्यानं आबांना दाखवली. त्यांनी पान उलटंपालटं करून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते कुदळीनं वेल उपटत होते.

"आबा, जगलेत ते!"

"दिसतंय मला." कुदळ थांबली नाही. "पुडीच्या उग्र वासानं बाई कोपल्या न्हाईत, वेल जगला, तर मग फोडणीनं पोर गेली न्हाई. ह्ये वेल बघवत न्हाईत मला. तुझ्या आईला मी आता काय सांगू?"

आई बांधावरच होती. तिनं ऐकलं. पदर खोचून ती खाली उतरली आणि उपटलेले वेल ओढून एका बाजूला रचू लागली.