पिंपातले हात

माझे सासरे अण्णा चिडके नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना ते खरं वाटत नाही. डहाणूजवळ मसोलीला आमची चिकूची वाडी आहे. मी लग्न होऊन आले त्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "मयूरी, या घरात सासूला घाबरायचं, सासऱ्याला नाय. सासरा स्वतःच तिला घाबरून असतो." आतून रंभाआईचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा आवाज आला, "नव्या पोरीचे कान भरू नका हो!" आणि दोघंही हसली. असं घर होतं ते.

आमचा माल व्यापारी याकूबभाई उचलायचे. अण्णांच्या तरुणपणापासून. हंगामातला पहिला टेम्पो भरला की त्याच्यासमोर नारळ याकूबभाईंनीच फोडायचा, असा अण्णांचा नेम होता. एका वर्षी ते आजारी पडले तर अण्णांनी टेम्पो दोन दिवस तसाच उभा ठेवला आणि आईची बोलणी खाल्ली.

फोन आम्हीच दिला. दोन हजार सोळाच्या दिवाळीत माझ्या नवऱ्याने, प्रितमने आणला आणि आलेला मेसेज पुढे कसा पाठवायचा ते मी शिकवलं. त्यांचं जाडजूड बोट माझ्या हातात धरून शिकवलं. हा दोष मी कोणावर ढकलणार नाही.

सुरुवातीला सुप्रभात आणि फुलं. मग पुतण्या रविंद्रने त्यांना कुठल्याशा ग्रुपात घातलं आणि फुलं बंद झाली. टीव्हीचंही तसंच. संध्याकाळी सातला एकाच पडद्यावर आठ माणसं भांडायची आणि नववे आमचे अण्णा. जेवण गार व्हायचं. आपल्याला कोण बुडवणार, कोण आतून पोखरतंय, याची यादी त्यांना तोंडपाठ झाली. डहाणूबाहेर फारसा न गेलेला माणूस कुठल्या कुठल्या देशांतल्या कटांबद्दल बोलायला लागला.

मी काही करायचं बाकी ठेवलं नाही! रिमोट लपवला. ग्रुप म्यूट केला. खोट्या बातम्यांचे खुलासे शोधून त्यांच्यापुढे धरले. मी तलासरीच्या शाळेत शिकवते, त्यामुळे समजावून सांगितलं की कळतं अशी माझी समजूत होती. अण्णा म्हणाले, "तू शिकलीस ना, तिथेच तुला खोटं शिकवलं." मी रागाने ताट आपटलं. आईने ते मुकाट्याने उचललं आणि नंतर मला म्हणाली, "भांडू नको गं. माणूस आजारी पडला तर आपण त्याच्याशी भांडतो का?"

ती खरंच भांडत नसे. सकाळी त्यांना आग्रहाने वाडीत न्यायची, हे झाड बघा, त्या फांदीला कीड लागलीय म्हणायची. तासभर अण्णा पूर्वीसारखे व्हायचे. मग खिशात टुण्ण वाजायचं.

दोन हजार एकोणीसच्या मार्चमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, तो व्हिडिओ आला. भर दुपारी आम्ही दोघी पडवीत चिकू निवडत बसलो होतो. अण्णा फोन पुढे धरून बाहेर आले.

"बघा! काय करतात बघा हे लोक आपल्या फळांना!"

व्हिडिओत अर्धं कापलेलं निळं पिंप होतं. त्यात गढूळ तपकिरी पाणी, पाण्यात चिकू आणि गोणपाटाने ते चोळणारे एका बाईचे हात. चेहरा दिसत नव्हता. वर हिंदीत एक माणूस ओरडत होता की गटाराच्या पाण्यात विष कालवून ही फळं तुमच्या घरी पाठवतात, यांच्याकडून काही घेऊ नका.

मला आधी हसूच आलं. झाडावरून काढलेल्या चिकूवर भुकटी असते. ती चोळून धुतली की फळ उजळतं आणि पाणी गढूळ होतं. डहाणूतल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. अण्णांनी स्वतः जन्मभर त्याच पाण्यात कोपरापर्यंत हात घातले होते. आणि आता ते डोळे विस्फारून ते पाणी पहिल्यांदाच बघत होते.

आईने फोन मागून घेतला. तिने कधी फोनला हात लावला नव्हता. बराच वेळ बघून ती म्हणाली, "अहो, हा हात माझा आहे."

खरंच होता. उजव्या हाताची करंगळी आत वळलेली. पंपाच्या पट्ट्यात सापडून मोडली होती, ती तशीच जुळली. मग मलाही आठवलं. चार वर्षांपूर्वी प्रितमचा मुंबईचा मित्र वाडी बघायला आला होता, त्याने हौसेने हे काढलं होतं. आमच्याच मागच्या अंगणात. तिथून ते कुठे कुठे फिरून, आवाज चिकटवून, आमच्याच घरी परत आलं होतं.

अण्णांनी फोन हिसकावून घेतला. "अशी बोटं हजार जणांची असतात."

येत्या रविवारी बागायतदारांची बैठक होती. त्या व्हिडिओवरून, याकूबभाईंना यापुढे कोणी माल द्यायचा नाही, असं तिथे ठरवायचं होतं आणि ते मांडणार होते अण्णा. सगळ्यांत वडीलधारे तेच. त्यांनी नाही म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. याकूबभाई दोनदा घरी येऊन गेले. "अण्णा, माझी काय भूल झाली ते तरी सांगा ने," म्हणत ओट्यावर बसून राहिले. अण्णा बाहेर आले नाहीत. आईने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "रविवारपर्यंत थांबा भाऊ. मी बोलते."

रविवारी ती माझ्याबरोबर सभागृहात आली. चाळीस-पन्नास पुरुष आणि आम्ही दोघी. याकूबभाई दाराशी उभे होते. अण्णांचं बोलणं चालू असताना आई उठली, पिशवीतून न धुतलेले चिकू काढले, सोबत आणलेल्या पाण्याच्या बादलीत टाकले आणि सगळ्यांसमोर चोळायला लागली. पाणी गढूळ झालं. सगळ्यांच्याच घरी असंच धुतात.

मग ओला हात तसाच अण्णांपुढे धरून ती म्हणाली, "आता फोन काढा. माझ्या हाताशेजारी धरा. तुमच्या मनाला विचारा आणि सांगा."

अण्णांनी फोन काढला. व्हिडिओ थांबवला. तिचा हात आपल्या हातात घेऊन करंगळी नीट पाहिली, मग फोन पाहिला, मग पुन्हा करंगळी.

"तुझाच हात आहे," ते म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं वाटलं.

अण्णांनी तिचा हात सोडला. "मग सांग रंभा, त्या याकूबने तुझ्याकडून काय मिसळून घेतलं?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आईला प्रश्नच कळला नाही, ती माझ्याकडे बघत राहिली. दारातून याकूबभाई म्हणाले, "भाभी, रेवा दो, राहू द्या. घरी जा तुम्ही," आणि निघून गेले. ठराव झाला. विरोधात एकही हात वर आला नाही. घरोघरी पिंपं असलेल्या त्या माणसांचा मला आजही तितकाच संताप येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वयंपाकघरात आले. चहासाठी त्यांनी कधी उठून आधण ठेवलं नव्हतं. डबे उघडून उघडून त्यांनी साखर शोधली. माठ ओतून टाकला, घासला आणि नळाचं पाणी स्वतः भरलं. ओट्याशी उभी असलेली आई म्हणाली, "द्या इकडे, मी करते."

"नको," अण्णा म्हणाले. रागावून नाही, अगदी हळू. "तू हात लावू नकोस."