पेटी पिशवीतच राहिली

परभणीच्या एका चर्चमध्ये नाताळाला साऊंड लावायचं काम दरवर्षी माझ्याकडं असतं. तिथं गाणी म्हणायला पालमहून एक म्हातारे यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना नुसतं बाबा म्हणायचे. आधी पेटीच्या भात्यावरून हात फिरवायचे, मग डोळे मिटून सूर लावायचे. त्यांचा आवाज कानावर पडल्याशिवाय इथल्या लोकांना नाताळ आल्यासारखा वाटायचा नाही.

चार वर्षांपूर्वी मी हौसेनं ती गाणी रेकॉर्ड करून ठेवली. तीच हौस नडली. यंदा कमिटीनं ठरवलं, बाबांचा आवाज आता फाटतो, रेकॉर्डिंगच लावा. बाबांना मात्र कुणीच कळवलं नाही. मीही नाही.

ते सकाळच्या एसटीनं आले, पेटी पिशवीत घेऊन. कमिटीवाल्यांनी हार घालून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि मला खूण केली. मी बटण दाबलं. बाबांनी सवयीनं दोन ओळी सोबत म्हणून पाहिल्या, पण स्पीकरपुढं त्यांचे शब्द त्यांनाच ऐकू येईनात. गाणं संपलं. लोकांनी स्पीकरकडं बघून टाळ्या वाजवल्या.

बाबा उठून माझ्यापाशी आले.

"लेकरा, माजाच आवाज मला गप बसवायलाय की रे."

"काय करू बाबा, कमिटीनं सांगितलं," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तिकडून पुन्हा खूण झाली. मी पुढचं गाणं लावलं. तेही त्यांचंच होतं.