बियाण्याची भाकर

माझी सासू महाहट्टी बाई. तिच्याशी भांडून जिंकलेला माणूस अख्ख्या मेहकर तालुक्यात सापडणार नाही. मीही हरलेच, पण त्या हरण्याचा मला आजही अभिमान वाटतो.

महाराष्ट्र होऊन दोन-चारच वर्षं झाली होती. भादव्यात नदी गावात शिरली. उभं पीक आडवं झालं, कणगीतलं धान्य कुजलं. आता सारी भिस्त रब्बीच्या ज्वारीवर, पण पेरायला बियाणं कुणाकडेच नाही. आमच्या स्वयंपाकघरात आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसं तेवढी कोरडी राहिली होती.

अशात सांगावा आला. परदेशातून मदत द्यायची की नाही हे ठरवायला एक गोरा साहेब दिल्लीच्या अधिकाऱ्याला घेऊन फिरतोय, उद्या आपल्या गावी येणार. छप्पर आमचंच शाबूत, म्हणून पाहुणचार आमच्याकडे आला. सासूबाईंनी शिडी लावली आणि कणसं उतरवली.

"आत्याबाई, हे काऊन?" मी ओरडलेच. "मंग पेरायचं काय, माती?"

"पावणा दारात येईन अन् त्याले उपाशी धाडू? तुह्या माहेरी चालत असन."

माझा नुसता तिळपापड झाला. रडत रडतच मी ती ज्वारी दळली.

साहेब आला, मांडी घालून बसला. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी बिचाऱ्यानं दोन भाकरी संपवल्या. मग अधिकाऱ्याशी काहीतरी बोलला. अधिकारी हिंदीत म्हणाला, "इथे धान्य दिसतंय. मदत दुसऱ्या गावांना द्यावी, असं साहेबांचं म्हणणं आहे."

घ्या! दारात जमलेली गावची माणसं खाली बघायला लागली. पण जेवलेल्या पाहुण्याला त्याचा घास कुठून आला ते ऐकवायचं कुणी? आमच्याकडे जीव गेला तरी ते करत नाहीत. मला मात्र राहवलं नाही.

"साहेब, आमचं बियाणं होतं ते! तेच दळून वाढलं तुम्हाले!"

सासूबाईंनी असं पाहिलं माझ्याकडे, की धरणी दुभंगेल तर बरं असं वाटलं. साहेबानं अधिकाऱ्यामार्फत त्यांनाच विचारलं, मदत आली नाही तर पेरणार काय?

"नाही आली तर नाही आली," त्या म्हणाल्या. "जेवू घातलं ते पावण्याले. मदतीले नाही."

अधिकाऱ्याला हे साहेबाला सांगायला बराच वेळ लागला. साहेब उठून उभा राहिला. काय हवं, म्हणाला.

"खायले काही नको, पेरायले द्या. अन् आधी खालच्या वाडीले द्या. तिथं चूलबी नाही राह्यली."

जमिनीतली पेरणीजोगी ओल उडून वापसा मोडायच्या आत बियाण्याचा ट्रक आला, आणि आधी खालच्या वाडीलाच गेला. सासूबाई तोवर माझ्या हातचं पाणीही घेत नव्हत्या. पेरणीच्या दिवशी त्यांनी स्वतः माझ्या ओटीत बी घातलं.

"तू बोलली म्हून पेरून राह्यलो आपण," त्या म्हणाल्या. "पण पुन्हा पावण्याले त्याचा घास ऐकवशीन, तर याद राख."