गुरुजींच्या ॲपवरून पुसलेलं नाव

मित्रहो, आमच्या टेकाम गुरुजींच्या कोलामी शब्दकोशाच्या ॲपला खरा खर्च किती आला? तीन उन्हाळ्यांच्या सुट्या, एक जुना मोबाईल आणि शब्द बोलून बोलून बसलेला त्यांच्या आईचा घसा. मग गुरुजींनी ते ओपन सोर्स म्हणून वेबवर ठेवलं. घ्या, बदला, विका. अट एकच, आम्हा मायलेकांची नावं राहू द्या.

आज पांढरकवड्यातल्या माझ्या कम्प्युटरच्या दुकानात एक टायवाला पत्रकं छापायला आला. "काका, शाळांसाठी आमचं नवीन ॲप! कोलामी शब्द गोळा करत आमची टीम दोन वर्षं झरी जामणीत गावोगाव फिरली."

त्यानं मोबाईलवर ॲपचं बटण दाबलं आणि माझे कान टवकारले. आवाज गुरुजींच्या आईचाच! नाव मात्र दोघांचंही नाही.

"साहेब, हे तर आमच्या गुरुजींचं हाय. नाव काहून पुसलं?"

"ओपन सोर्स आहे हो, फुकटचंच!"

डोकंच सणकलं. फुकट दिलं म्हणजे बेवारस झालं काय? विक ना बाबा, पण त्या माउलीचं नाव पुसायचा हक्क तुले कोणं दिला? तुम्हीच सांगा, मंडळी.

"आधी नावं टाका, मग छापतो," म्हटलं.

पेनड्राइव्ह उचलून तो तणतणत निघाला. दारातून वळून विचारतो, "काका, झरी जामणीची बस कुठून मिळेल? आमच्यापैकी मीच पहिल्यांदा चाललोय तिकडे."